इंद्रावतीला सांगितलेलं खोटं नाव

भूत, करणी, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. मी याद्या मानते. रायपूरला चौबे कॉलोनीत राहते आणि बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवासाची व्यवस्था करते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण राग जास्त आहे, म्हणून लिहिते.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि बाहेरच्या पत्रकारांना अचानक बस्तर आठवलं होतं. मुंबईच्या एका मासिकाचा असाच एक साहसवीर आला. त्याला इंद्रावती नदीवर ‘भारताचं अॅमेझॉन’ लिहायचं होतं. डोंग्यात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, आम्ही तिघंच — तो, मी आणि डोंगा चालवणारा बुधराम. निघण्याआधी मी वहीत यादी केली. तीन पिशव्या, पाण्याचा कॅन, औषधं, आणि वर तिघांची नावं, बॉलपेनने, एकाखाली एक.

बुधरामच्या घरची एक रीत आहे. डोंगा ढकलण्याआधी ओंजळभर तांदूळ पाण्यात सोडायचे आणि बसणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव नदीला सांगायचं. त्याने सांगितलं, मी सांगितलं. पत्रकाराने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि ‘राजकुमार’ म्हणाला. त्याचं खरं नाव तिथे फक्त मला ठाऊक होतं. बुधराम त्याला पहिल्यापासून बाबूच म्हणत होता. मी गप्प बसले. गिऱ्हाईक होतं ना!

अर्ध्या तासाने, लख्ख उन्हात, बुधरामने डोंगा सरळ काठाला लावला.

"बाबू अपन नाम झूठ बताइस हे, दीदी. पानी ह दूए झन ल जानथे."

पाणी दोघांनाच ओळखतं, म्हणे. पुढे न्यायला त्याने साफ नकार दिला.

"मॅडम, याची रात्रीची उतरलेली नाही," पत्रकार म्हणाला.

"तुम्ही खरं नाव सांगून टाका ना. काहून अडून राहिले?" मी म्हणाले.

त्याने नाही सांगितलं. आम्ही पायवाटेने परतलो. त्याची कॅमेऱ्याची जड पिशवी सगळा रस्ता बुधरामच्या खांद्यावर होती.

आणि छापून काय आलं? दारुडा आदिवासी नावाडी आम्हाला जंगलात टाकून पळाला! घाटाच्या ठेकेदाराने तेवढ्यावरून बुधरामचा डोंगा बंद केला. बुधराम तो अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बसने माझ्याकडे आला. वाचता येत नव्हतं त्याला. काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं.

संपादकाला पत्र लिहायला बसले. पुरावा म्हणून यादीची झेरॉक्स जोडावी, म्हणून वही काढली. वही कोरडी, पान अख्खं. माझं नाव होतं, बुधरामचं होतं, सामानापुढे बरोबरच्या खुणा होत्या. तिसरी ओळ कोरी. खोडलेली नाही, पुसलेली नाही... पानाच्या मागून हात फिरवला तर आमच्या नावांचे वळ लागत होते, तिथे काहीच नाही. बुधरामने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "हव." म्हणजे, हो.

तरी तीच झेरॉक्स जोडून पत्र पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: तुमच्या यादीत आमचा प्रतिनिधी नाहीच.

ती ओळ कुठे गेली, मला आजही सांगता येत नाही. नाही कळलं तरी चालेल. बुधरामचा डोंगा अजून काठावर पालथा पडलाय, आणि तो का, ते मला चांगलं ठाऊक आहे.