हरकतीची चिठ्ठी

श्रीरामपूरहून पुण्याची पहाटेची गाडी पाच चाळीसला सुटायला हवी. त्या शनिवारी ती पाच अठ्ठावन्नला सुटली. एसटीत सारा जन्म वाहतूक नियंत्रक (स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या वेळेवर सोडणारा माणूस) म्हणून काढल्यावर अठरा मिनिटं मला अठरा टाचण्यांसारखी टोचतात. शिवाय खिशात एक पाकीट होतं, तेही टोचत होतं.

आमच्या मंडळीत (चर्चच्या समाजाला आम्ही मंडळी म्हणतो) लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर कळवा, असं विचारतात. माझी मुलगी रूथ पुण्यात नर्स आहे. तिचं आणि विनयचं नाव दोनदा वाचून झालं होतं. विनय विधुर, त्याला सहा वर्षांची मुलगी. हे सगळं रूथने मला फोनवर कळवलं. विचारलं नाही, कळवलं! तिसरी घोषणा उद्या होती आणि पाकिटात माझी लेखी हरकत होती. पोस्टाने का नाही पाठवली, असं कोणी विचारेल. पोस्ट वेळेवर पोचवील याची मला खात्री नव्हती, एवढंच.

शिवाजीनगरचं तिकीट काढलं की हल्ली वाकडेवाडीला उतरावं लागतं. तिथून रिक्षा करून चर्च गाठलं. जुनी दगडी इमारत, आवारात कडुलिंब, बाजूला पाळकसाहेबांचं (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं) घर. साठीचे, काटक पाळकसाहेब ओट्यावर चपला घालत होते. खांद्याला कापडी पिशवी.

"सलाम, पाळकसाहेब," मी आमच्या मंडळीच्या रीतीने म्हणालो. "रूथचा बाप मी."

"सलाम. बसा म्हणालो असतो, पण मी निघालोय. चला बरोबर."

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"चिठ्ठी कशाची ते कळलं. पण माझा एक नियम आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर हवा. रूथ आज दुपारनंतर विनयच्या घरी असेल, खडकवासल्याजवळ. माझं आजचं शेवटचं घर तेच. तोवर चिठ्ठी तुमच्याच खिशात राहू द्या."

"आणि आधीची घरं किती?"

"सहा. पायी जाऊ, बस शेवटी."

मी घड्याळ पाहिलं. दुसरा इलाज नव्हता.

आधी मंडईत गेलो. पाळकसाहेबांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि भाजीवालीच्या गुडघ्याची चौकशी केली. ती मेथी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी नेली. मला वाटलं, आता प्रार्थना करतील आणि उठतील. तर हा गृहस्थ जमिनीवर मांडी घालून मेथी निवडायला बसला! मलाही एक जुडी मिळाली. देवाचं नावसुद्धा कोणी काढेना. शेवटची काडी टाकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "करा आता प्रार्थना." ती अर्ध्या मिनिटात झाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ही प्रार्थना आधीच उरकली असती तर?"

"आधी केली की तिला वाटतं, साहेबांना सुटायची घाई आहे. आणि ते खरं असतं."

सदाशिव पेठेत एका निवृत्त कारकुनांकडे गेलो. त्यांची दृष्टी गेलेली, चर्चशी संबंध काडीचा नाही. पाळकसाहेब त्यांना दर शनिवारी पेपर वाचून दाखवतात, निधनवार्तांसकट. मी तीनदा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा केला असेन. त्या आवाजावरून म्हातारेबुवा म्हणाले, "अहो, आपल्याला गाडी पकडायची असेल तर स्वारगेट जवळच आहे. आम्ही काही आपल्याला धरून ठेवलेलं नाही." मी पट्ट्यावरचा हात काढला. पुणेकरांना डोळे नसले तरी चालतं.

समोर ठेवलेलं नाकारायचं नाही, हा पाळकसाहेबांचा आणखी एक नियम. पाचव्या चहानंतर माझ्या छातीत जळजळायला लागलं. पाळकसाहेब मात्र प्रत्येक कप पहिलाच असल्यासारखा पीत होते. मला त्यांचा राग येत होता आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

सहावं घर उरकून स्वारगेटहून बसमध्ये बसलो. सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली, तेव्हा ते आपणहून बोलले.

"नवीन होतो तेव्हा अशी एक चिठ्ठी मी घेतली होती. चौकशी न करता, त्या मुलीला एका शब्दाने न विचारता. लग्न मोडलं. चिठ्ठीत काही तथ्य नव्हतं, हे नंतर कळलं. ती आजही येते उपासनेला. एकटीच, शेवटच्या बाकावर बसते. माझे सगळे नियम त्यानंतरचे आहेत."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. धरण दिसायला लागलं होतं. लोक काठावर कणसं खात होते. एरवी मी उतरून पाणी बघितलं असतं.

थांब्यावर एका दुकानदाराला घर विचारलं. "विनय सर? ते काय, निळ्या गेटात हाय बघा." विनय तिथल्या शाळेत गणित शिकवतो. त्याने पाणी दिलं आणि मुलीला शेजारी पाठवलं. रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बसली नाही.

"वाचा," पाळकसाहेब मला म्हणाले.

मी वाचलं. वराचा पूर्वइतिहास, संसाराचा भार, सखोल चौकशी व्हावी. घरी लिहिताना भारदस्त वाटलेले शब्द त्या छोट्या खोलीत पोकळ वाटले. विनय खाली मान घालून ऐकत होता.

"बाबा," रूथ म्हणाली, "'मला विचारलं नाही' ही तुमची खरी तक्रार कुठे लिहिलीय यात?"

मी कागदाची घडी घातली.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग?"

मी ती घडी पाकिटात सारली. पाळकसाहेब म्हणाले, "ही हरकत नाही, नाराजी आहे. तरी उद्या तुम्ही उभे राहिलात तर मला थांबावं लागेल. कोणीही हरकत घेतली तरी थांबायचं, हा नियम तुम्हालाही लागू आहे." रूथ म्हणाली, "उभं राहायचं तर राहा. मी अडवणार नाही." 

रात्री पाळकसाहेबांकडेच मुक्काम केला. सकाळी उपासनेची घंटा झाली तरी मी आवारात येरझाऱ्या घालत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला उशीर झाला. शेवटच्या बाकावर तेवढी जागा होती. तिथे पन्नाशीच्या एक बाई एकट्या बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. त्या कोण, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली. "कोणाची हरकत असल्यास..." म्हणून ते थांबले, नक्कीच नेहमीपेक्षा जास्त. पुढे रूथची पाठ दिसत होती, ताठ. माझा पाय बाकाखाली थडथडत होता. त्या आवाजाने बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि बसून राहिलो. पाळकसाहेब पुढे वाचू लागले.

बाहेर सगळ्यांचे सलाम चालले होते. पाळकसाहेब रूथला कालच्या मेथी निवडण्याची गंमत सांगत होते. त्या बाई माझ्याजवळ आल्या.

"रूथचे वडील ना? आलात, बरं केलंत. माझ्या वेळी वडील आले नव्हते. त्यांचं नुसतं पत्र आलं होतं."

मी त्यांना सलाम केला. दुसरं काही सुचलं नाही.

परतीची गाडी वाकडेवाडीहून बावीस मिनिटं उशिरा सुटली. टोचलं, पण कमी. माणसाने साधं कसं वागावं, यावर पाळकसाहेबांनी मला एक वाक्यही ऐकवलं नव्हतं. मेथी निवडायला लावली, तेवढंच. पोस्टावर माझा भरवसा असता तर? हा विचार वाटेतल्या सुप्यापर्यंत मला छळत होता.

सुप्याच्या पुढे मी रूथला फोन लावला. "लग्नाला आदल्या दिवशी किती वाजता येऊ?" म्हणून विचारलं.

पलीकडे तिने नाक ओढलं. 

"सकाळीच या, बाबा. निवडायला मेथी ठेवते."