मुळ्याचं गाणं आणि नानांची मोसंबी

जपानी शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, "जालन्यात?" हो, जालन्यात. मस्तगडला शामकाकांच्या साडीच्या दुकानाच्या वर माझा क्लास आहे. जपानला जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करू बघणारी बारा पोरं-पोरी तिथे शिकतात. इतकी माणसं एका खोलीत परकी भाषा बोलायला लागली की किस्से साठणारच. माझ्याकडे साठलेत ते मात्र सगळे गाण्यांचे.

*

सुरुवात माझ्यापासूनच. मी सहा वर्षं जपानमध्ये कारखान्यात होतो. शनिवारी सगळे जमून गायचे आणि ज्यानं त्यानं आपल्या गावाचं गाणं म्हणायचं, असा रिवाज. कुणाचं गाणं समुद्रावरच्या वाऱ्याचं, कुणाचं गावच्या पुलाचं. आमचे फोरमन साठीचे, एरवी करडे. त्यांचं गाणं वळचणीला वाळत टांगलेल्या मुळ्यांचं. अख्खं गाणं मुळ्यांवर, आणि म्हणताना डोळ्यांत पाणी. मी थक्क होऊन बघत राहायचो.

एकदा ते म्हणाले, "आता तू. तुझ्या गावात काय आहे?"

मी हसून म्हणालो, "काही नाही, धूळ आहे."

कुणी हसलं नाही. फोरमननी माझ्या पाठीवर हात ठेवला, घरात कुणी गेल्यावर ठेवतात तसा.

*

क्लासमध्ये ते मुळ्यांचं गाणं पहिल्यांदा लावलं तेव्हा राजूरचा किशोर म्हणाला, "सर, मुळ्यावर गाणं? आपण तर त्याचा वास येतो म्हणून खिडकी उघडतो." सगळे हसले. मी अर्थ सांगितला: बर्फ पडायच्या आत आई मुळे टांगते, लेक शहरात आहे, मुळे वाळले की ती त्याला पाठवणार. हसू थांबलं. किशोरच म्हणाला, "परत लावा ना."

आठवड्याभरात खालून तीच चाल ऐकू आली. शामकाका साड्यांच्या घड्या घालताना गुणगुणत होते. गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "नवीन भजन का?"

काका म्हणाले, "बराबर."

*

किशोरचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. तिकडच्या बाईंनी विचारलं, गावाबद्दल सांगा. या पठ्ठ्याचं राजूरला गणपतीच्या देवळाच्या पायथ्याशी नारळाचं दुकान. चतुर्थीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि हा शुद्ध जपानीत म्हणाला, "आमच्या गावात विशेष काही नाही."

रिजेक्ट. मी चिडलो, तर म्हणाला, "सर, आपल्याच गावाची काय तारीफ करायची? बरं दिसत न्हाई."

मला माझी धूळ आठवली.

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना होमवर्क दिला: आपापल्या गावाचं गाणं, जपानीत.

अश्विनी जांब समर्थच्या अलीकडच्या एका गावातली. विहारात वंदनेला पहिला आवाज तिचा, पण इंटरव्ह्यूत तोंडातून शब्द फुटायचा नाही. दोनदा रिजेक्ट झालेली. तिसरी खेप शेवटची, असं घरी ठरलेलं. तिनं वही पुढे केली. गाणं वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मोसंबीच्या बागेवर होतं. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पानं सुकून पिवळी पडली की मग पाणी सोडतात, आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. तिनं लिहिलं होतं:

ताणाच्या दिवसांत नाना
बागेतून मान खाली घालून जातात,
तहानलेल्या झाडांकडे
त्यांना बघवत नाही.

मी वही मिटली. वीस वर्षं त्या बागांवरून एसटीनं जातोय, मला हे कधी दिसलं नव्हतं.

*

डिसेंबरात तिचा इंटरव्ह्यू झाला. तोच प्रश्न आला. अश्विनीनं पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसले आणि बोलण्याऐवजी गायलाच लागली. गाणं संपलं. पलीकडे वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई चष्मा काढून बसल्या होत्या. मला वाटलं, गेलं हेही.

बाईंनी एकच विचारलं, "मग, पाणी दिलं का झाडांना?"

"अजून नाही. पंधरा दिवस आहेत."

"दिलं की कळवा."

नेमणुकीचं पत्र नंतर आलं. आधी आम्ही पाणी दिल्याचं कळवलं.

*

आता अश्विनी तिकडे आहे. सकाळच्या व्यायामाला तिथले आजी-आजोबा तिचं गाणं म्हणतात. यंदा नानांनी ताण दिला तसं तिनं तिथे सांगितलं. तेव्हापासून नव्वदीच्या एक आजी रोज उठल्या उठल्या तिला विचारायच्या, "पाणी दिलं का?" अश्विनी रोज नानांना फोन करायची. नाना रोज म्हणायचे, "अजून न्हाई."

परवा नाना क्लासवर पेढे घेऊन आले. म्हणाले, "जय भीम सर. पाणी सोडलं काल."

मी मोजलं. "नाना, अजून आठ दिवस होते ना? बहार कमी येईल की."

"येऊ द्या कमी," नाना म्हणाले. "तिकडं म्हातारी माणसं ताटकळून राह्यली."