कपाटातला कीर्तनकार

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी आमच्या त्या नाटकाचा विषय काढला, की मी चहा सांगायला उठायचो.

नव्वदच्या सुमारास नाशिकच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात माझ्याहून लहान असा एक मित्र होता. पिंपळगावला द्राक्षांच्या शीतगृहात कारकून. रविवारी एसटीने तालमीला यायचा. एका संध्याकाळी गोदेच्या काठी मी त्याला एक गोष्ट सांगितली. नोकरीनिमित्त मुंबईत असताना पाहिलेल्या जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमाची होती ती. तो सिनेमाही मुळात नाटकावरूनच काढलेला. सांगता सांगता कपाटात लपलेल्या पाद्र्याचा मी कीर्तनकार केला. पाण्यावर उजेड हलत होता, पलीकडचा काठ धुरकट झाला होता, आणि तो पोट धरून हसत होता.

"भाऊ, हे तुम्हाला सुचलं?"

मी मान डोलावली.

खोक्यांच्या लेबलांच्या पाठीवर त्याने दोन महिन्यांत नाटक लिहिलं. परक्या कलाकृतीवरून घेतलं असेल तर जाहिरातीत 'रूपांतर' छापायचं, हा आमच्यातला साधा रिवाज. आम्ही 'लेखक' छापलं, खाली त्याचं नाव. कथेसाठी माझंही टाकू म्हणत होता. मी नको म्हणालो. त्याला तो माझा मोठेपणा वाटला. मला पकडलं जायची भीती होती. प्रयोग रंगले. लोक त्याला लेखक म्हणू लागले.

दहाएक वर्षांनी, एका रविवारी सकाळी, फिल्म सोसायटीने नेमका तोच सिनेमा लावला. पडदे ओढलेल्या त्या सभागृहात सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. कपाट उघडलं, पाद्री बाहेर आला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला कीर्तनकार."

मित्राने वळून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

नंतर चहाच्या वेळी एकाने विचारलंच, "काय लेखक, साहेबाने तुमचं नाटक ढापलं वाटतं?" सगळे हसले. तोही हसला. माझं नाव त्याने घेतलं नाही. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही.

एकदा मी मुद्दाम पिंपळगावला गेलो. त्याने द्राक्षं पुढे ठेवली, मुलीच्या लग्नाचं बोलत राहिला. मी एकेक मणी खात बसलो आणि तसाच परतलो. पुढे तो गेल्याचं कळलं.

मला एवढंच म्हणायचं होतं: ती गोष्ट माझी नव्हती, आणि तुला ते ठाऊक नव्हतं. चोर मी होतो. मला माफ कर.