मेजाखालची मिरची आणि माडाचे मीठ

माझ्या मिरचीची टोपली मेजावरून उचलून जमिनीवर ठेवायचा हक्क वनिताबाईंना दिला कोणी? आधी हे सांगा. नमस्कार मागाहून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात बायकांच्या गटाचे एक मेज असते. वर पाटी, 'गावठी आणि सेंद्रिय'. वनिताबाई त्या गटाच्या अध्यक्षीण. गेल्या बुधवारी त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारले, "आजी, मिरचीला युरिया घालता?" मी म्हटले, घालते. खाली शेणखत असतेच, वर रोप धरल्यावर वाफ्याला एक मूठ. खोटे कशाला बोलू? झाले. टोपली मेजाखाली. वर उपदेश, "लाटंबार्श्याला बहिणीकडे जाऊन बघा, शुद्ध शेती कशी असते ती. शिका, नाहीतर गटातून नाव काढावे लागेल."

गावठी म्हणजे बियाणे गावचे. ते बियाणे शेवंतीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मीच दिलेले. तिची मिरची मेजावर, माझी मेजाखाली. म्हटले, जातेच बघायला.

मी तिसरी शिकलेली. मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो. चुका असतील त्या त्याच्या.

इब्रामपूरहून निघायचे तर सकाळचीच बस धरा. दुपारी ताटकळत बसाल. दोडामार्गाला उतरून दुसरी गाडी मिळते. सुटे पैसे ठेवा, नाहीतर कंडक्टर तोंड वाकडे करतो. दोडामार्गाला चहा आणि भजी घ्या. भजी गरम असतील तरच. थंड भजी परत द्यायला लाजू नका, मी दिली.

दुसऱ्या गाडीत जनेलाकडे, म्हणजे खिडकीशी, एक बाई, पायाशी लाल भाजीच्या जुड्या. पिशवी कसली? खताच्या गोणीची शिवलेली.

"खंयची गो भाजी?" मी विचारले.

"घरची. एकदम सेंद्रिय."

"आणि गोण?"

तिने गोणीवरची अक्षरे बघितली, मग माझ्याकडे. "गोण शेजाऱ्याची."

अख्खी गाडी हसली. तीही हसली. उतरताना दोन जुड्या माझ्या मांडीवर टाकून गेली.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी काजू मोहरलेला. बघायला येणाऱ्यांनी हाच महिना धरावा. पण छत्री आणा, ऊन डोक्यात जाते.

शेवंतीने पेज काढून ठेवली होती. उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर. जेवले आणि थेट वाफ्यात.

आता खरे ते सांगते, कोणाला आवडो न आवडो. माझी मिरची कमरेला लागते, तिची गुडघ्याला. तिला यंदा शेण कमी पडले, गाय विकली ना. बाहेरून आणलेले शेण पुरते कुजले नव्हते, तसेच घातले. वाळवी लागली आणि दोन सऱ्या गेल्या. पाने पिवळी. शेण शेण म्हणून नाचणाऱ्यांनी ह्या दोन सऱ्या बघाव्या.

पण मी वाकून मूठभर माती उचलली, ती बोटांत भुसभुशीत झाली. काळी, ओली, गांडुळे वळवळताहेत.

"पाणी कधी घातलेस?"

"परवा."

परवा! मी रोज घालते आणि संध्याकाळी माझी जमीन विळ्याला ठण्ण वाजते. वीस वर्षे मुठीने देत आले, माती काय म्हणते ते विचारलेच नाही. हे मला बोचले. घरून माझ्या चार मिरच्या नेल्या होत्या, दोघींची मिरची चावून बघितली. तिखटाला दोन्ही सारख्याच, डोळ्यांतून पाणी.

मग शेवंती परसात गेली, तिच्यामागे मी. तिने माडाचे आळे उकरले आणि पिशवीतून पांढरे काहीतरी ओंजळी भरभरून ओतले.

"शेवंते, ह्या काय?"

"मीठ. माडाक घालूक नको?"

"गटाच्या कागदावर काय लिवलाहा? दुकानातला पांढरा काय घालूचा नाय."

"बाय, ता युरियाक लिवलाहा. मीठ आपण खातो मगे."

"खातो ना? मग गाईच्या शेपटीखाली मिळता काय ता?"

ती हसता हसता आळ्याच्या कडेला बसली. आमच्या आईने माडाला मीठ घातले, आजीने घातले. ते खत आहे हे आमच्यात कोणाच्या ध्यानातच येत नाही. मीही घालते की. मलाही त्याच घटकेला कळले.

मग तिचा चेहरा उतरला. "बाय, वनिताबाईंक सांगा नको. नारळ माझे थंयच विकतत. मेजार जागा गेली तर मी काय करू?"

"मीठ हाडलास खंयसून?"

तिने रिकामी पिशवी घडी केली. मग हळूच, "वनिताबाईंनीच दिला. गटातल्या सगळ्यांक. पोतोच मागवलेलो."

मी सांगणार नाही असे शेवंतीला म्हटले. लिहिणार नाही असे म्हटले नव्हते.

घरी येऊन चार दिवस झाले. अर्ध्या वाफ्यांत आता कुजलेले शेण, पाला आणि चुलीतली राख. ती माती मला बघायची आहे. उरलेल्या अर्ध्यात माझी मूठ तशीच चालणार, कारण पिवळ्या पानाकडे बघत मी धर्म पाळणार नाही. बुधवारी दोन टोपल्या नेणार. कशात काय घातले ते विचारणाऱ्याला तोंडावर सांगणार. गटातून नाव गेले तर जाऊ दे. बाजारात जमीन पुष्कळ आहे, मांडी घालून बसेन.

मिठाबद्दल शेवंतीला एक अक्षर कोणी विचारायचे नाही. तिला मेजावरून हलवलेत तर मला कळेल. ज्यांनी पोते मागवले त्यांनीच बोलायचे. वनिताबाई, बुधवारी सगळ्यांसमोर उत्तर तुम्ही द्या. दुसऱ्या कोणाला पुढे करू नका.