गुणी मुलीची कंपासपेटी

मंडळी, आत्ताच घाटकोपरहून घरी आलेय. डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

आमची जुनी चाळ पाडणार आहेत, म्हणून आज सगळे शेजारी जमलो होतो. मिसळ, फोटो, नुसता दंगा. तेवढ्यात बंडूदादा माइक घेऊन उभे राहिले. एकाहत्तर-बहात्तर साली चाळीचं गणेशोत्सव मंडळ तेच चालवायचे.

"आताची पोरं मोबाइल सोडत नाहीत. आणि ही आपली कुंदा बघा! अकरा वर्षांची पोर, दिवसभर मणी ओवून घर चालवायची. आपण तिला 'गुणी मुलगी' म्हणून बक्षीस दिलं होतं!"

टाळ्यांचा कडकडाट. तेव्हाही असाच झाला होता.

कुंदा बसल्या जागेवरून म्हणाली, "बक्षीस काय दिलंत, आठवतंय का दादा? कंपासपेटी. चौथीतून माझं नाव काढल्याला तेव्हा वर्ष झालं होतं."

"मग काय, वाया गेली का?" दादा हसत म्हणाले.

"छे. सुया ठेवायला झाली ना."

लोक खो खो हसले. कुणीतरी परत टाळ्याही वाजवल्या. कुंदा तेवढी आपल्या बोटांकडे बघत बसली.

बालकामगार म्हटलं की आपल्याला हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या आठवतो. घरात मणी ओवणारी कुंदा कुणाला खटकलीच नाही. उलट आमच्या आया आम्हाला तिचं उदाहरण द्यायच्या.

तुमच्याही चाळीत अशी एखादी गुणी मुलगी असेलच. खाली तिचं कौतुक नका लिहू. तिची शाळा कितवीत सुटली, तेवढं सांगा.