गेअर नसलेली गाडी

गाडी घ्यायचं आमच्या घरात ठरलं, तेव्हा ती माझा नवरा चालवणार होता. त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. एकोणिसाव्या वर्षापासून तो घरच्या मळ्यातली भाजी टेम्पोत भरून अमरावतीच्या बाजारात आणत असे. गळ्यापर्यंत भरलेला टेम्पो शेतातल्या चिखलाच्या पांदणवाटेतून उलटा काढायचा तो, आणि लोक हातातलं काम सोडून पाहत राहायचे. मला स्कूटीपलीकडे काही येत नव्हतं.

मी दर्यापूरच्या एका शाळेत गणित शिकवते आणि राहते अमरावतीला. कधी एसटी, कधी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की दार लागत नाही. नवरा ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत कामाला होता. तोही रोज त्याच रस्त्यानं मोटरसायकलवर दर्यापूर, अंजनगाव सुर्जीकडे जायचा. मुलीच्या वेळी माझी कंबर जी धरली ती धरलीच, त्यामुळे एवढ्या लांब त्याच्या मागे बसून जाणं मला जमायचं नाही. एकाच घरातून निघून आम्ही दोघं अर्ध्या तासाच्या अंतरानं एकाच रस्त्याला लागायचो. गाडी आली की तो मला शाळेत सोडून पुढे जाणार, संध्याकाळी घेऊन येणार, असं गणित होतं.

दोन वर्षं तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. त्याला लांब नाकाची, मोठ्या इंजिनाची गाडी पाहिजे होती. मला त्यानं फक्त रंग विचारला होता. मी पांढरा म्हटलं होतं.

आणि एका रविवारी सकाळी दाढी करता करता त्याला फिट आली. मोरीत पाण्याचा मग पडल्याचा आवाज ऐकून मी धावले. तो खाली पडलेला, हातपाय ताठ, तोंडाला फेस. मला वाटलं, संपलं. चार-पाच मिनिटांनी त्यानं डोळे उघडले आणि मला ओळखलंच नाही. मग हळूहळू ओळखलं.

माझी नणंद अकोल्याला असते. तिच्या सांगण्यावरून तिथल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याचे फोटो, तपासण्या सगळं पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी म्हणाले, "गाडी चालवायची नाही. दोन चाकी नाही, चार चाकी नाही. विहिरीवर एकट्यानं जायचं नाही."

"किती दिवस?" नवऱ्यानं विचारलं.

"ते मी आज सांगू शकत नाही. गोळी चुकवू नका, मग पाहू."

त्यानंतर महिनाभर घरात गाडीचं नाव निघालं नाही. कंपनीनं त्याचं फिरणं बंद करून त्याला दर्यापूरच्या दुकानात बसवलं. तो माझ्याबरोबर एसटीनं यायला लागला. खिडकीशी बसायचा आणि ओव्हरटेक करणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवून बघायचा.

विषय काढला तो सासूबाईंनी. त्यांनी तीस वर्षं बाजारात बसून भाजी विकली आहे. आता गुडघ्यांमुळे घरी असतात. भाकरी थापता थापता मुलाला म्हणाल्या, "गाडी घ्याचीच होती ना? मंग घ्या. सून चालवीन. तिले हात नाईत काय?"

नवरा काही बोलला नाही. ताटावरून उठलाही नाही. मी तो होकार धरला आणि दुसऱ्या दिवशी मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

बेचाळिसाव्या वर्षी क्लच शिकणं सोपं नाही. राजापेठच्या पुलावर चढणीत गाडी बंद पडली की मागून हॉर्नांचा पाऊस पडायचा, आणि शिकवणारे काका शांतपणे म्हणायचे, "वाजू द्या मॅडम, त्यायच्या हातात तेवढंच हाय." घरी मी हे सांगितलं की सासूबाई आणि मुलगी हसायच्या. नवरा उठून बाहेर जायचा. त्याला माझा राग नव्हता हे मला कळत होतं. तरी लागायचंच.

सहा आठवड्यांनी परवाना हातात आला आणि आम्ही चौघं गाड्या बघायला लागलो. पहिल्याच शोरूममध्ये विकणाऱ्या माणसानं हसून चावी नवऱ्यापुढे धरली. "बसा सर, एक चक्कर मारून बघा." नवऱ्याचा हात अर्धा पुढे गेला होता. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "त्याले नको देऊ बापा. सून चालवणार हाय. तिले सांग काय सांगाचं ते."

त्या माणसानं मला सांगायला सुरुवात केली, पण बघत नवऱ्याकडेच होता. इंजिनाचं त्याला सांगायचा, आणि माझ्याकडे वळून चेहरा बघायच्या आरशातला दिवा दाखवायचा.

सासूबाईंची परीक्षा वेगळी होती. त्या प्रत्येक गाडीत मागे बसायच्या, उतरायच्या, पुन्हा बसायच्या. नवऱ्याच्या आवडीच्या लांब नाकाच्या गाडीत बसल्या आणि त्यांना उठताच येईना. दोघांनी धरून बाहेर काढलं. "हे तं खड्डा हाय," त्या म्हणाल्या. गॅसवर चालणारी दाखवली तेव्हा त्यांनी डिकी उघडायला लावली. आत टाकी होती. "अन् सामान कुठं ठेवाचं? डोक्यावर?" वरच्या मॉडेलची गाडी दाखवत तो माणूस मोठ्या पडद्याचं कौतुक करायला लागला, तर म्हणाल्या, "चमकते म्हणून वांगं घेत नाई आमी. देठ पाह्यतो."

परवडेल तेवढ्यात मनासारखी नवी मिळेना, म्हणून जुनी बघायचं ठरलं. अकोल्याला डॉक्टरांकडे जायचं होतंच. मुलीला सुट्टी होती, तीही आली. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं: गोळी चालू, गाडी बंद. तिथून आम्ही जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाकडे गेलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, त्याखाली दहा-बारा गाड्या. एका गाडीचे कागद मी टेबलावर बसून बघत होते. काच लख्ख पुसलेली, निळी गाडी. बाहेर ती सुरू झाल्याचा आवाज आला. मान वर केली तर नवरा स्टिअरिंगवर आणि मुलगी मागच्या सीटवर. मी उठेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती.

"येतीन ना ताई, काहून घाबरता?" तो विकणारा म्हणाला. त्याला काय माहीत.

मी शेडच्या तोंडाशी उभी राहिले. ट्रक जात होते, ऑटो जात होते. मी हातातल्या पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते. किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. ती गाडी परत आली, व्यवस्थित वळली, आणि होती त्याच जागी इंचभर इकडे-तिकडे न होता उभी राहिली. मुलगी उतरून म्हणाली, "आई, बाबा कित्ती मस्त चालवतात!"

मी तिचा हात धरला आणि स्टँडच्या ऑटोत बसले. तो मागून येऊन बसला.

एसटीत मुलगी लवकरच झोपली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे एसटी थांबली, तेव्हा तोच बोलला.

"क्लच जड हाय तिचा. तुह्या कंबरेले झेपणार नाई."

"पोरगी मागे बसली होती," मी म्हटलं.

"मले माईत हाय."

"माहीत असून नेली तुमी तिले?"

तो खाली बघत म्हणाला, "मले वाटलं, एकडाव. फक्त एकडाव. बाकी सगळं तं गेलंच ना हातचं. दुकानात पावत्या फाडतो. बायकोच्या संगं एसटीनं येतो. मले येत होतं ते एकच होतं."

राग तसाच होता, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. मी इतकंच म्हटलं, "पुन्हा असं केलं तर गाडीच घेणार नाही. जन्मभर एसटीनं जाऊ."

"नाई करत," तो म्हणाला.

घरी मुलीनं आजीला सगळं कौतुकानं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मुलगी खेळायला गेल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "तुले फिट आली त्यात तुहा दोष नाई. आज जे केलं त्यात हाय." आणि भाजी निवडत बसल्या. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या रविवारी मी उठले तर तो वही-पेन घेऊन बसला होता. म्हणाला, "चाल, गाडी पाहू. जुनी नको, नवी लहान. आता तुह्यासाठी पाहू."

त्या दिवशी त्यानं मला ज्या पद्धतीनं गाड्या दाखवल्या तशा कोणत्याही शोरूमवाल्यानं दाखवल्या नसत्या. सीट वर घ्यायला लावली, मागे टेकून पाय पूर्ण पोचतो का ते वाकून पाहिलं. स्वतः गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि विचारलं, "दिसतो काय मी?" दिसत नव्हता. ती गाडी त्यानं वहीत खोडली. एकीचं बोनेट बसल्या जागेवरून दिसत नव्हतं, तीही खोडली. मग एका बुटक्या नाकाच्या, उंच टपाच्या लहान गाडीशी थांबला आणि विकणाऱ्याला म्हणाला, "यातली गेअर नसलेली दाखवा."

मी बघतच राहिले. ऑटोमॅटिक गाडीला तो आजवर 'लेकरायचं खेळणं' म्हणत आला होता.

"मी सहा आठवडे क्लच शिकले," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटलं होतं. पुलावरचे ते सगळे हॉर्न मी फुकट ऐकले होते काय?

"शिकली ते बरंच केलं. पण रोजचं एवढं जाणं-येणं हाय. वलगावच्या बाजारात दहा डाव थांबा लागते. दिवसभर वर्गात उभी राह्यतं अन् मंग क्लच दाबतं, महिन्याभरात कंबर बोलीन तुही."

ऑटोमॅटिक म्हणजे किंमत वाढणार होती. मग आम्ही मोठा पडदा सोडला, चकचकीत चाकं सोडली, मागच्या कॅमेऱ्याची सोय मात्र ठेवली. सासूबाईंना आणून बसवलं. त्या कोणाचा हात न धरता बसल्या आणि न धरता उतरल्या. "हे घ्या," म्हणाल्या. पांढरी मिळायला दोन महिने लागणार होते. राखाडी तयार होती, ती घेतली.

पहिले काही दिवस दर्यापूरच्या रस्त्यावर फार वाईट गेले. सोयाबीन निघायचे दिवस होते; ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीची ढेकळं डांबरावर आणून टाकलेली. नवरा शेजारी बसून उजवा पाय खाली रुतवायचा, नसलेल्या ब्रेकवर. "हळू. हळू ना. त्याले जाऊ दे." एकदा मी गाडी कडेला उभी केली आणि म्हटलं, "एक तर तुमी बोला, नाही तर मी चालवते." त्या दिवसापासून तो गप्प बसायला शिकला. पाय मात्र दाबायचाच. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका आमच्याबरोबर यायला लागल्या. त्यांच्याशी त्याच्या गप्पा जमल्या, तसं पाय दाबणंही कमी झालं.

वर्ष होत आलं. फिट नव्हती. गाडी चालवायची मुभा मिळेल म्हणून तो दिवस मोजत होता, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळायचं. अकोल्याच्या खेपेला या वेळी मुलगी शेजाऱ्यांकडे थांबली आणि सासूबाई बरोबर होत्या. त्यांना लेकीकडे चार दिवस राहायचं होतं. बडनेरा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. नवरा शेजारून मला काहीतरी सांगत होता, ठिबकच्या एका गिऱ्हाइकाबद्दल, आणि वाक्याच्या मध्येच थांबला. मी बघितलं तर मान एका बाजूला ओढली गेलेली, हात वळायला लागलेला.

मी आरसा पाहिला, गाडी डावीकडे घेतली, थांबवली. त्याचा पट्टा सोडला, सीट मागे पाडली, त्याला कुशीवर वळवून धरलं. सासूबाईंनी मागून चप्पल काढली होती, नाकाशी धरायला. "आई, नको," मी म्हटलं. "काही लावायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. डोकं धरा फक्त." त्यांनी चप्पल खाली टाकली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून ठेवलं. मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटांच्या वर नाही गेलं, पण बाजूनं गेलेले सगळे ट्रक मला आठवतात.

तो शुद्धीवर आला. बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग जड जिभेनं विचारलं, "गाडी कडेले घेतली काय?"

"घेतली."

"इंडिकेटर देल्ला होता?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. सासूबाई मागून म्हणाल्या, "देल्ला होता बापा. पड आता."

डॉक्टरांनी गोळी वाढवली. मोजलेले दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. सासूबाईंना लेकीकडे सोडून आम्ही दोघंच परत निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे मी चहासाठी थांबले. तो गाडीतून उतरून दाराला टेकून उभा राहिला, रस्त्याकडे बघत.

"त्या निळ्या गाडीत," तो म्हणाला, "पोरगी मागे बसली होती."

"हो."

चहाचा ग्लास त्यानं दोन्ही हातांत धरला होता. प्यायला नाही. थोड्या वेळानं तो खाली ठेवला, आत येऊन बसला आणि पट्टा लावला. मी गाडी सुरू केली.