जर्नलमधला पक्षकार

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मी अस्वस्थ होतो. नोकरीत प्रेतं पाहिली, दंगली पाहिल्या, वरिष्ठांचे रागलोभ सोसले. पण एका विद्यार्थ्याने आपला गृहपाठ मन लावून पूर्ण केला आणि त्यामुळे दुसऱ्याच माणसाच्या जिवावर बेतलं, असं मात्र एकदाच पाहिलं.

नव्वदचं दशक सरून थोडा काळ झाला होता. शहापूर भागात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. महामार्गावर मालाचे ट्रक अडवून लुटणारी एक टोळी आमच्या नाकीनऊ आणत होती. एका क्लीनरला त्यांनी इतकं मारलं की तो दवाखान्यात पोचलाच नाही. माल कुठे जातो हे काही केल्या कळत नव्हतं.

खबर मिळाली ती मुरबाड तालुक्यातून, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याकडून. त्याच्या शेताला लागून एक बंद पडलेली पोल्ट्री होती आणि तिथे अवेळी टेम्पो येत. आपल्या भागातल्या ठाण्यात गेला असता तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून तो आसनगावला दिलेल्या लेकीकडे आला आणि तिथून निरोप धाडला. मी साध्या कपड्यांत गेलो. लिहून घ्यायला एक तरुण शिपाई बरोबर घेतला. त्या माणसाने लेकीला बाहेर पाठवलं, पुढ्यात सुपात वाल घेतले आणि आमच्याकडे पाठ करून निवडत बसला. सगळी माहिती त्याने तशीच, भिंतीकडे बघत दिली.

"तोंड करून बोल की बाबा," मी म्हणालो.

"नको साहेब. तुमच्याकडं बघलं तर माला बोलाया नाय यायचं."

छापा यशस्वी झाला. माल मिळाला, दोघे सापडले, पोल्ट्रीला सील लागलं. म्होरक्या मात्र निसटला. खबऱ्याचं नाव मी ना स्टेशन डायरीत घेतलं, ना वरिष्ठांच्या कानावर घातलं.

काही आठवड्यांनी तोच माणूस भर दुपारी ठाण्याच्या पायऱ्या चढून सरळ माझ्या खोलीत आला. खबऱ्या कधी ठाण्यात येत नाही. आला, तर समजावं की आता त्याच्याकडे लपवायला काही उरलेलं नाही. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"साहेब, त्यांना समदं ठावं हाय. बाजारात एकानं माझ्या कानाशी येऊन इचारलं, वाल निवडता निवडता आमचं नाव सांगलंस ना?"

वालाची गोष्ट त्या खोलीतल्या तिघांनाच माहीत होती. तो स्वतः सांगणार नाही, मी सांगितलं नव्हतं. राहिला माझा शिपाई, आणि दाराबाहेर असलेली लेक.

मी त्याला काही दिवस घर सोडायला सांगितलं. तो म्हणाला, "भात कापाया झालाय. उभा टाकून कुठं जाऊ?" मुरबाडच्या ठाण्याला सांगून गस्त वाढवली. पण गस्तीची जीप फिरून गेली की मागे गाव एकटंच उरतं.

पहिला संशय लेकीच्या सासरवर गेला. जावई रोज कल्याणला कामाला जाणारा. त्याला बोलावून अर्धा दिवस बसवला, उलटसुलट विचारलं. तो रडकुंडीला आला. "साहेब, माझा खाडा झाला, वर शेजारी बोलतील ते वेगळं. सासऱ्याला मी कशाला मारीन?" त्याच्याकडून काही निघालं नाही.

मग शिपायाला घेतलं. हा पोरगा ठाण्यातला सगळ्यात सरळ. रीतसर परवानगी काढून सकाळच्या कॉलेजात कायदा शिकत होता, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होता. कुणबी घरातला, घरात पहिलाच पदवीधर. मी विचारलं, "कोणाकडे बोललास?" तो म्हणाला, "आईशप्पथ सर, कोणाकडेच नाही." खोटं बोलणारा माणूस मी चालीवरून ओळखतो. हा खरं बोलत होता. म्हणूनच माझी झोप उडाली. चोर सापडला तर दार लावता येतं, पण इथे दार कुठे उघडं आहे तेच कळत नव्हतं.

दोन दिवसांनी हजेरी झाल्यावर तोच माझ्यासमोर सॅल्यूट मारून उभा राहिला.

"सर, उद्या सकाळची सवलत पाहिजे होती. कॉलेजात जर्नल जमा करायचंय. नाही केलं तर परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष जाईल."

मी कागदात डोकं घालून बसलो होतो. सहज विचारलं, "झालं का सगळं लिहून?"

"झालं सर. मसुदे झाले, कोर्टात बसून केलेल्या नोंदी झाल्या, पक्षकारांच्या मुलाखती झाल्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून भातसानगरच्या एकाकडून सगळं उतरवून घेतलं. तो पोरांची जर्नलं लिहून देतो."

"मुलाखती कुठे घेतल्यास?"

"वकिलाच्या ऑफिसात बसून बघायच्या असतात सर. वकील पक्षकाराशी कसा बोलतो, पक्षकार कसा बसतो, त्याची मनःस्थिती काय, सगळं लिहायचं असतं."

मी मान वर केली. त्याचे रजेचे अर्ज मीच नाकारले होते. बंदोबस्तामागून बंदोबस्त चालू होते. "तुला वकिलाच्या ऑफिसात बसायला वेळ कधी मिळाला रे?"

त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. मी विचारलं नव्हतं तरी तो बोलला, "नाव बदललंय सर. गावाचं नाव नाही टाकलं. गुन्हा पण नाही, शेजाऱ्याचा तंटा केलाय."

"आणि वाल?"

"ते... कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, बारीकसारीक निरीक्षण लिहा, त्यालाच मार्क असतात."

"पोल्ट्री?"

त्याने मान खाली घातली.

म्हणजे टोळीच्या हाती नुसती कुणकुण नव्हती, सगळी हकीकत लेखी गेली होती. मी त्याला शिव्या घालायलाही थांबलो नाही. त्याला जीपमध्ये घातलं, हवालदाराला मुरबाडच्या ठाण्याला फोन लावायला सांगितलं आणि निघालो. वाटेत तो सारखा हाताचे तळवे पँटला पुसत होता.

गावात पोचलो तर घरात फक्त बायको. "दोघं फटफटीवर आलं, चल जरा काम हाय म्हनलं. जेवन वाढलेलं तसंच टाकून गेलं हो ते."

मी डोकं चालवलं. माणसाला घाबरवायला नेतात तेव्हा अनोळखी जागी नेत नाहीत, स्वतःच्या पायाखालच्या वाटेने नेतात. मी पोल्ट्रीकडे धावलो. पुढच्या दाराला आमचं सील शाबूत होतं, मागची जाळी उचकटलेली. आत तिघे होते, त्यांतला एक म्होरक्या. आमचा माणूस जमिनीवर पडला होता, उजवा हात विचित्र मुडपलेला. शिपाई माझ्या आधी आत घुसला. त्याच्या डोक्यात काठी बसली, तरी त्याने म्होरक्याची कंबर सोडली नाही. तोवर मुरबाडची कुमक पोचली.

जर्नल उतरवणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी समोर बसवलं. बिचाऱ्याला काही पत्ताच नव्हता. "गोष्टीसारखं वाटलं साहेब, म्हणून चहा पिताना मेहुण्याला वाचून दाखवलं." मेहुणा टोळीचा टेम्पो चालवायचा.

ते जर्नल आम्ही जप्त केलं. शिपायाचं वर्ष गेलं. मी वरिष्ठांना अहवाल पाठवला, त्याची वेतनवाढ रोखली गेली. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. त्याला घेऊन मी दवाखान्यात गेलो. डोक्याला पट्टी बांधलेला तो पोरगा प्लॅस्टर घातलेल्या त्या माणसाच्या पायाशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न वगळता.

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला तोंड करून.

"हाताचं काय नाय रे. हात जुळंल. पन जावयाला ठाण्यात बसवला ना माझ्यापायी. आता लेकीच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी नंतर वर्दीत जावयाच्या घरी गेलो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या माणसाचा काही दोष नाही. त्याने चहा दिला, पण बसा म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी शिपायाला मी रजा दिली. तो वकिलाच्या ऑफिसात बसला, जर्नल स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पास झाला.

नाव झाकलं की माणूस झाकला, असं शिकलेल्यांना वाटतं. गावात माणूस नावाने ओळखला जातच नाही. कोणाच्या बांधाला कोणाचा बांध, कोण कसा बसतो, बोलताना कुठे बघतो, यावरून तो ओळखला जातो. हे मला ठाऊक असायला हवं होतं असं कोणी म्हणेल. ठाऊक होतं. पण ज्याच्या हातात पेन आहे त्याला ते वेगळं सांगावं लागतं, हे त्या पोराने शिकवलं.

म्हणून हे लिहिताना मीही पेन जपून चालवलं आहे. त्या माणसाबद्दल वर जे सांगितलं त्यातलं बरंच बदललेलं आहे, आणि काय बदललं ते कोणी विचारू नये. तो अजून त्याच गावात राहतो.